डोमेनला न जोडला जाणारा नवा सर्व्हर: सांवेर रोडवरच्या कामाच्या नोंदी

काम काय आहे ते आधी सांगते. इंदूरला सांवेर रोडवर शेव-नमकीनचा एक कारखाना आहे, त्याच्या ऑफिसचा फाइल सर्व्हर ऑगस्टच्या पावसात गेला. मदरबोर्ड उडाला. उघडून पाहिलं तर आत सगळीकडे तेलकट धूळ बसलेली, तळणाच्या शेडपासून रॅक फार लांब नाही ना. तो विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होता, त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ लाच बंद केलेला, म्हणजे बदलायचाच होता. डेटाचा बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर होता, तो शाबूत आहे आणि सध्या सगळे तिथूनच कसंबसं काम चालवतायत.

नवं मशीन आलं, त्यावर सर्व्हर २०२२ टाकला, आणि तो डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीन आणि लॉगिनच्या एकत्र व्यवस्थेला, जॉइनच होईना. माझ्याकडे काम आलं तोवर आधीच्या मंडळींनी विंडोज पुन्हा टाकून बघितलं होतं, नेटवर्क कार्ड बदलून बघितलं होतं, केबल नवी ओढली होती, म्हणजे एक अख्खा आठवडा गेलेला. डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर, एकच आहे, सर्व्हर २०१६, हायपर-व्हीवर व्हीएम म्हणून, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) पोटात आभासी मशीन म्हणून चालतो. नवा सर्व्हर मात्र नव्या बिल्डिंगच्या रॅकमध्ये लावलाय, तिथलं सबनेट, म्हणजे नेटवर्कचा तुकडा, वेगळं आहे. डोमेनचं खरं नाव इथे देत नाही, "कारखाना डॉट लोकल" समजा. आणि अट अशी की नव्या मशीनचं नाव जुन्याचंच पाहिजे, "फाइलसर्व्हर", कारण प्रत्येक पीसीवरचे शॉर्टकट, टॅलीच्या डेटाचा पाथ, सगळं त्या नावावर बांधलेलं आहे.

ज्याला हेच काम करायचंय त्याच्यासाठी लिहून ठेवतेय, म्हणून थिअरी कमी आणि काय अडलं तेच जास्त.

३ सप्टेंबर २०२५

कालच महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, त्यामुळे अर्धं ऑफिस आज उगवलं. अकाउंटचे काका माझ्या आधीच रॅकपाशी उभे.

"ताई, ह्या मशीनमध्येच काहीतरी खोट आहे, परत पाठवून दुसरं मागवायचं का?"

"काका, मशीन परत पाठवायचं ते सगळ्यात शेवटी. आधी हे कुठे अडतंय ते बघू द्या."

स्क्रीनवरचा मेसेज नेहमीचाच: ह्या डोमेनच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. (ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे डोमेनमधल्या युजर आणि मशीनच्या अकाउंटची नोंदवही.) बहुतेक लोक इथेच थांबतात आणि अंदाज बांधायला लागतात. त्या मेसेजच्या खाली "डीटेल्स" नावाचं बटण असतं ते दाबा. त्यात लिहिलेलं होतं की डीएनएस नेम डझ नॉट एग्झिस्ट, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसला हे नावच माहीत नाही, कोडच्या शेवटी २३२बी, आणि कुठलं नाव शोधलं तेही दिलेलं असतं. आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे सी ड्राइव्ह, विंडोज, डीबग ह्या फोल्डरमधली नेटसेटअप डॉट लॉग फाइल. जॉइन करायचा प्रत्येक प्रयत्न तिथे ओळीओळीने लिहिला जातो. आज तिच्यात शेवटी ५४बी हा कोड होता, म्हणजे दशांशात १३५५, असं डोमेनच सापडत नाही. पुढे जे काही सापडलं ते सगळं ह्या एका फाइलमुळे, स्क्रीनवरच्या मेसेजमुळे नाही.

आयपीकॉन्फिग ऑल ही नेटवर्कची सेटिंग दाखवणारी कमांड चालवली. डीएनएसमध्ये पहिला राउटर, दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस. आता ह्या दोघांना कारखाना डॉट लोकल कुठून माहीत असणार? डोमेन जॉइन करताना विंडोज नुसतं सर्व्हरचं नाव शोधत नाही, तो एक खास एसआरव्ही रेकॉर्ड मागतो, अंडरस्कोर एलडॅप पासून सुरू होणारा, आणि त्यातून त्याला कळतं की डोमेन कंट्रोलर कुठलं मशीन आहे आणि कुठल्या पोर्टवर बसलंय. तो रेकॉर्ड फक्त डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये असतो. आधीच्या टेक्निशियनने "पिंग तर जातंय" असं कागदावर लिहून ठेवलं होतं. पिंग डोमेन कंट्रोलरच्या आयपीला जात होतं. त्याने एवढंच कळतं की केबल ठीक आहे.

डीएनएस हाताने भरला, फक्त डोमेन कंट्रोलरचा आयपी, १९२.१६८.१.१०, आणि दुसरी जागा मोकळी सोडली. ही मोकळी जागा लोकांना बघवत नाही, तिथे ८.८.८.८ टाकायचा मोह होतोच, "इंटरनेट बंद पडलं तर" म्हणून. टाकू नका. डोमेन कंट्रोलरने एखादं उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्या डीएनएसकडे वळतो, तो म्हणतो असं नावच नाही, आणि विंडोज ते उत्तर अंतिम मानतो. मग कधी चालतं कधी चालत नाही असा प्रकार सुरू होतो, आणि तो पूर्ण बंद असण्यापेक्षा शोधायला अवघड. इंटरनेटची नावं डोमेन कंट्रोलर स्वतः फॉरवर्डरकडून, म्हणजे बाहेरच्या डीएनएसकडून आणतो, त्याची काळजी नको.

डीएनएसची कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं, फ्लश केली, पुन्हा जॉइन केलं. तोच एरर. संध्याकाळ झाली.

४ सप्टेंबर

सकाळी पहिलं काम एनएसलुकअप, डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड. नुसतं एनएसलुकअप टाइप करून एंटर मारलं की तो आधी सांगतो की मी कुणाला विचारतोय. त्याने डोमेन कंट्रोलरचा आयपी दाखवायला हवा होता, दाखवला एक एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता. म्हणजे आयपीव्ही६, आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४).

हे नव्या बिल्डिंगमध्ये लावलेल्या इंटरनेटवाल्यांच्या राउटरचं काम. तो राउटर सगळ्या मशीनना आयपीव्ही६ वरून सांगत होता की डीएनएस मी आहे. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज अशी राउटरने दिलेली डीएनएसची माहिती उचलतो. मी कालच्या आयपीव्ही४ च्या खिडकीत कितीही बरोबर भरलं असतं तरी प्रश्न आधी राउटरकडेच जात होता. आयपीकॉन्फिगमध्ये हा पत्ता कालही दिसत होता, डीएनएसच्या यादीत सगळ्यात वर, पण एवढ्या लांब पत्त्यावरून नजर घसरते, म्हणून आता मी यादी बघण्यापेक्षा एनएसलुकअपलाच विचारते.

इथे इंटरनेटवर सर्रास सल्ला मिळतो की नेटवर्क कार्डवर आयपीव्ही६ ची टिक काढून टाका. टिक काढली तर जॉइन होईलही, पण मायक्रोसॉफ्ट स्वतः आयपीव्ही६ बंद करू नका असं सांगतं, विंडोजचे काही भाग ते आहे असं धरूनच बनवलेत. आणि उद्या त्याच बिल्डिंगमध्ये दुसरा पीसी डोमेनला जोडायचा तर तीच रड पुन्हा. दुरुस्ती राउटरवरच व्हायला पाहिजे. राउटरचा पासवर्ड मात्र इंटरनेटवाल्यांकडे. फोन केला, तिकीट काढलं, दुपारी कधीतरी माणूस आला आणि त्याने राउटरवरून आयपीव्ही६ मधून डीएनएस देणं बंद केलं. दोन मिनिटांचं काम, अर्धा दिवस गेला. ज्यांच्या ऑफिसात असा राउटर लागतोय त्यांनी ॲडमिन पासवर्ड लावतानाच मागून घ्यावा, नंतर कुणी देत नाही.

आता एनएसलुकअपने बरोबर सर्व्हर दाखवला, एसआरव्ही रेकॉर्ड पण आला. पण डोमेन कंट्रोलरच्या नावाचे दोन आयपी आले. एक १९२.१६८.१.१०, आणि एक १०.१०.१०.५. हा दुसरा कुठला?

डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमला दुसरं नेटवर्क कार्ड दिलेलं निघालं, थेट नॅसला बॅकअप घेण्यासाठी. त्या कार्डानेही डीएनएसमध्ये आपलं नाव नोंदवलं होतं. नव्या सर्व्हरला १०.१०.१०.५ कडे जायला रस्ताच नाही, म्हणजे तो पत्ता हाती आला की नुसतं वाट बघत बसायचं. जुन्या बिल्डिंगमधल्या पीसींना सकाळी लॉगिन व्हायला कधीकधी खूप वेळ लागतो अशी तक्रार होती, तिचं मूळ पण मला इथेच वाटतं. त्या कार्डाच्या डीएनएस टॅबमधली "ह्या कनेक्शनचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा" ही टिक काढली. पण डोमेन कंट्रोलरवरच डीएनएस सर्व्हर चालत असेल तर नुसती टिक पुरत नाही, डीएनएस सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये इंटरफेसेस टॅबवर तो फक्त १९२ वाल्या पत्त्यावर ऐकेल असंही करावं लागतं, नाहीतर काढलेला रेकॉर्ड पुन्हा उगवतो. मग जुने रेकॉर्ड हाताने काढले, नेटलॉगॉन सर्व्हिस बंद करून चालू केली म्हणजे एसआरव्ही पुन्हा नोंदले जातात, आणि डीसीडायग ही डोमेन कंट्रोलर तपासायची कमांड डीएनएस टेस्टसह चालवून बघितली. पास.

एनएलटेस्टने नव्या सर्व्हरवरून डोमेन कंट्रोलर शोधायला सांगितला, लगेच सापडला. जॉइन केलं. युजरनेम-पासवर्ड विचारला! इतके दिवस ती खिडकी उघडतच नव्हती. भरला, थोडं थांबला, आणि नवा एरर: नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड.

काकांनी विचारलं, "झालं का?"

"नाही झालं काका, पण एरर बदलला."

"मग चांगलं की वाईट?"

"चांगलं." आणि ते खरंच आहे. एरर बदलला म्हणजे आधीची अडचण गेली. लोक इथे हिरमुसतात आणि आधी केलेलं सगळं उलटं फिरवतात, तसं करू नका.

५ सप्टेंबर

लॉगमध्ये ओळ स्पष्ट होती: डोमेन कंट्रोलरच्या आयपीसी-डॉलर शेअरला जोडताना ५३ परत आला. ह्या ५३ चा डीएनएसच्या ५३ नंबर पोर्टशी काही संबंध नाही, तो विंडोजचा एरर नंबर आहे आणि त्याचा अर्थ पाथ सापडला नाही. आयपीसी-डॉलरला जोडायचं म्हणजे एसएमबी, विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, म्हणजे पोर्ट ४४५.

पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन घेऊन एकेक पोर्ट तपासला. ५३ डीएनएस चालू. ८८ कर्बेरॉस, लॉगिन तपासायचा, चालू. ३८९ एलडॅप, डिरेक्टरीत शोधायचा, चालू. १३५ आरपीसी, एका मशीनने दुसऱ्याला काम सांगायचा, चालू. ४४५ बंद. ४६४, पासवर्ड बदलायचा, चालू. डोमेन कंट्रोलरवर बसून बघितलं तर ४४५ वर तो ऐकतोय, त्याच्या विंडोज फायरवॉलमध्येही परवानगी आहे, आणि त्याच सबनेटमधल्या पीसीवरून ४४५ उघडा लागतो. मग अडवणारा मधला कुणीतरी. दोन बिल्डिंगच्या मध्ये लेअर थ्री स्विच आहे, एका सबनेटचं ट्रॅफिक दुसऱ्यात नेणारा. त्याच्या एसीएलमध्ये, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं त्याच्या यादीत, एक रूल मिळाला, ४४५ डिनाय, कुठूनही कुठेही, आणि वर्णनात वॉनाक्राय.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा खूप ठिकाणी लोकांनी घाईघाईने ४४५ बंद केला होता, आणि त्या दिवसांत ते बरोबरच होतं, ज्याने केलं त्याला मी दोष देणार नाही. त्या व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं भोक वापरलं होतं, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधीच मार्च २०१७ मध्ये दिलेला होता. पण इथे रूल तसाच राहिला, आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही कारण डोमेनचे सगळे पीसी आणि डोमेन कंट्रोलर एकाच सबनेटमध्ये होते, त्यांचं ट्रॅफिक ह्या रूलमधून जातच नव्हतं. नव्या बिल्डिंगमध्ये डोमेनचं पहिलं मशीन म्हणजे हा सर्व्हर. म्हणून सगळ्यांना वाटलं की खोट नव्या मशीनमध्ये आहे.

रूल सरसकट उडवायचा नाही असं मी मालकांना सांगितलं. त्याच्या वर एक रूल टाकायला लावला: फक्त नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेन कंट्रोलरचा आयपी, ह्या दोघांमध्ये ४४५ उघडा. आणि पीसींपासून नव्या फाइल सर्व्हरपर्यंतही ४४५ लागणारच, नाहीतर जॉइन झाल्यावर फाइल कोण उघडणार, तोही त्याच वेळी टाकून घेतला. आरपीसीची वरची रेंज ४९१५२ ते ६५५३५ उघडी आहे का तेही बघून घ्या, पुष्कळ ठिकाणी १३५ उघडतात आणि ही रेंज विसरतात, मग पुढे आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल येतो. इथे ती उघडी होती.

स्विच ज्यांच्या देखरेखीत आहे त्यांनी व्हिजिटचे १,५०० रुपये घेतले. ह्या कामात रोख खर्च झाला तो एवढाच.

संध्याकाळी पुन्हा प्रयत्न. पुन्हा नवा एरर: क्लायंट आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे.

६ सप्टेंबर

डोमेन कंट्रोलरचं घड्याळ ११ मिनिटं मागे. नवा सर्व्हर आत्तापर्यंत डोमेनबाहेर असल्याने इंटरनेटवरून वेळ घेत होता, त्याचं बरोबर. कर्बेरॉस डीफॉल्टने ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो.

पण मग बाकीचे पीसी कसे चालतायत? ते डोमेनमध्ये आहेत, डोमेनमधले पीसी वेळ डोमेन कंट्रोलरकडूनच घेतात, म्हणजे सगळं ऑफिसच ११ मिनिटं मागे आहे आणि एकमेकांशी जुळतंय. हे मला गेटवर जाऊन पटलं. तिथलं हजेरीचं मशीन इंटरनेटवरून वेळ घेतं, आणि त्यावर कुणीतरी कागदाची चिठ्ठी टेपने चिकटवली होती, निळ्या पेनाने: "मशीन ११ मिनट आगे है". कडा काळ्या पडलेल्या, म्हणजे बरेच महिने जुनी. मशीन बरोबर होतं. ह्या ११ मिनिटांवरून लेट मार्कचे वाद झालेत, पॅकिंगच्या बायका बोलल्या मला, एकीचा हाफ डे कापला गेला होता. मी हे मालकांच्या कानावर घातलं, कारण हा नुसता सर्व्हरचा विषय नाही.

डोमेन कंट्रोलरवर डब्ल्यू३२टीएम ह्या वेळेच्या कमांडला सोर्स विचारला. उत्तर: व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर. म्हणजे व्हीएम वेळ हायपर-व्हीच्या होस्टकडून घेतोय. होस्टवर तेच विचारलं. होस्ट डोमेनचा सदस्य आहे, तो वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतोय. दोघं एकमेकांना विचारतायत आणि बाहेरच्या खऱ्या वेळेशी कुणाचाच संबंध नाही, त्यामुळे हळूहळू सरकत सरकत ११ मिनिटं झाली. डोमेन कंट्रोलर व्हीएम असेल आणि होस्ट त्याच डोमेनमध्ये असेल तर आजच्या आज बघून घ्या.

सोपी पळवाट अशी की नव्या सर्व्हरचं घड्याळ ११ मिनिटं मागे करा आणि जॉइन करा. होईल. मी ती घेतली नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, हजेरी, सर्व्हरचे लॉग, उद्या काही चोरी-भानगड झाली तर कुठली वेळ खरी धरणार?

आज मात्र वेळ बदलता आली नाही. टॅली चालू, डिस्पॅच चालू, सगळे पीसी लॉगिन. आणि आज अनंत चतुर्दशी, संध्याकाळी झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, निघणार, जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रस्ते बंद, सगळ्यांना दुपारीच घरी पळायचं होतं. काम रविवारवर टाकलं.

७ सप्टेंबर

ऑफिस बंद, सगळे पीसी बंद. हायपर-व्हीमध्ये डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमच्या सेटिंगमध्ये इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली टाइम सिंक्रोनायझेशनची टिक काढली. मग डोमेन कंट्रोलरला, म्हणजे ज्याच्याकडे पीडीसी एम्युलेटरची, डोमेनची वेळ ठरवायची, भूमिका आहे त्याला, बाहेरचे सोर्स दिले: सरकारी एनआयसीचे (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) समय१ आणि समय२, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा (एनपीएल). सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, त्यामुळे दुसरं काही शोधायची गरज नाही. बाहेर जाणारा यूडीपी १२३ उघडा लागतो, तो होता.

सर्व्हिस रीस्टार्ट, रीसिंक. वेळ जुळली. होस्टला वेगळं काही करावं लागलं नाही, तो डोमेन कंट्रोलरच्या मागे आपोआप आला.

८ सप्टेंबर

सकाळी पीसी चालू झाले तसे आपसूक नव्या वेळेवर आले. पॅकिंग सेक्शनचा एक आला नाही, त्याची विंडोज टाइम सर्व्हिसच कुणीतरी डिसेबल केलेली होती. चालू केली, झालं. गेटवरची चिठ्ठी वॉचमन भैयांनी स्वतःच काढली.

आता जॉइन. आणि आता आला तो एरर ज्यावर लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मेसेज असा की ह्याच नावाचं अकाउंट ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आधीपासून आहे आणि ते पुन्हा वापरणं सिक्युरिटी पॉलिसीने अडवलंय. लॉगमध्ये कोड एएसी, दशांशात २७३२.

पूर्वी असं नव्हतं. जुनं मशीन मेलं, नवं त्याच नावाने जॉइन केलं, विंडोज जुनंच कॉम्प्युटर अकाउंट उचलायचा आणि काम व्हायचं. वर्षानुवर्षं आपण तसंच केलंय. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने हे बंद केलं, त्यांच्या केबी ५०२०२७६ ह्या लेखात सगळं लिहिलंय. आता जुनं अकाउंट पुन्हा वापरायचं तर, ते ज्याने बनवलं त्याच युजरने जॉइन करावं लागतं, किंवा ते मुळात डोमेन ॲडमिनने बनवलेलं असावं लागतं, किंवा त्याचा ओनर एका ग्रुप पॉलिसीत (डोमेनकडून मशीनना लागणाऱ्या सेटिंगमध्ये) विश्वासाचा म्हणून नोंदवलेला असावा लागतो. ही पॉलिसी मार्च २०२३ च्या अपडेटपासून आली.

इंटरनेटवर शोधलं की पहिला उपाय मिळतो तो रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारातला, नेटजॉइन-लेगसी-अकाउंट-रीयूज नावाची किल्ली १ करा. त्यावर वेळ घालवू नका. १३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटपासून ती किल्ली विंडोज बघतच नाही. ह्या सर्व्हरवर आधीच्या मंडळींनी ती टाकलेली मला सापडली, काही उपयोग झाला नव्हता, मी काढून टाकली.

मग जुनं अकाउंट बनवलं कुणी? ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्समध्ये व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू केलं, अकाउंटच्या ॲट्रिब्यूट एडिटरमध्ये एमएस-डीएस-क्रिएटर-सिड भरलेलं दिसलं. हे ॲट्रिब्यूट तेव्हाच भरलं जातं जेव्हा साध्या युजरने मशीन जॉइन केलेलं असतं. डीफॉल्टने डोमेनमधला कुठलाही युजर १० मशीन जॉइन करू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. तो सिड, म्हणजे अकाउंटचा आतला ओळख नंबर, एका जुन्या टेक्निशियनच्या साध्या अकाउंटचा निघाला, ते अकाउंट केव्हाच डिसेबल केलेलं. ते पुन्हा जिवंत करून जॉइन करणं हा एक रस्ता होता. पण सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट एका कामासाठी उघडायचं हे मला पटत नाही, ते उघडंच राहून जातं. पॉलिसीचा रस्ताही एका मशीनसाठी जड वाटला, शिवाय त्यात एका साध्या युजरला कायमचा विश्वास द्यावा लागला असता.

जुनं मशीन मेलेलंच आहे, तर अकाउंट काढून नवं बनवणं हेच साफ. फक्त डिलीट दाबण्याआधी:

आधी बघितलं की ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रीसायकल बिन चालू आहे का. नव्हतं. चालू केलं. एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, पण बंद करावंसं वाटेल असं काही नाही त्यात. मग अकाउंटच्या खाली बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की ठेवलेली आहे का ते, कारण अकाउंट गेलं की तीही जाते. नव्हती. मग मेंबर ऑफ टॅब: "फाइल-बॅकअप" नावाच्या ग्रुपमध्ये ते अकाउंट होतं आणि त्या ग्रुपवर बॅकअपची पॉलिसी लागते. हे लिहून घेतलं नसतं तर नवा सर्व्हर जॉइन झाला असता, सगळे खूश झाले असते, आणि बॅकअप गुपचूप बंद राहिला असता. डिलीट करण्याआधी हा टॅब बघाच.

डिलीट केलं. त्याच नावाचं नवं अकाउंट डोमेन ॲडमिनने सर्व्हर्सच्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) आधीच बनवून ठेवलं, ग्रुपमध्ये घातलं. नव्या सर्व्हरवर डोमेनचं नाव टाकलं, युजरनेम, पासवर्ड.

वेलकम टू द कारखाना डॉट लोकल डोमेन.

काका मागेच उभे होते. "आता टॅली?"

"आता रीस्टार्ट, मग डेटा, मग टॅली. आज रात्री कॉपी लावते."

रोबोकॉपीने नॅसवरून डेटा परवानग्यांसकट आणायला लावला आणि निघाले.

९ सप्टेंबर

कॉपी झालेली. टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनेलने ट्रू दिलं, म्हणजे डोमेनशी नातं ठीक, जीपीअपडेटने पॉलिसी ताज्या झाल्या, बॅकअपची पॉलिसी लागलेली दिसली. शेअर बनवले. आणि काकांच्या पीसीवर "फाइलसर्व्हर" उघडेना. आयपी टाकून उघडतं, नावाने नाही.

नावाला पिंग केलं तर जुन्या सर्व्हरचा आयपी येतोय. डीएनएसमध्ये जुना रेकॉर्ड बसलेला. नव्या सर्व्हरने तो बदलायला हवा होता, पण सिक्युअर अपडेटमध्ये रेकॉर्ड ज्या कॉम्प्युटर अकाउंटने बनवला त्याच्याच मालकीचा राहतो. मी ते अकाउंट काल काढलं, नव्या अकाउंटचं नाव तेच असलं तरी सिड वेगळा, त्यामुळे डीएनएसच्या दृष्टीने हे कुणीतरी परकं मशीन आहे. जुना रेकॉर्ड हाताने काढला, नव्या सर्व्हरवर आयपीकॉन्फिग रजिस्टर-डीएनएस, पीसीवर फ्लश. कॉम्प्युटर अकाउंट डिलीट करून पुन्हा बनवाल तर त्याच्याबरोबर डीएनएस रेकॉर्डही काढा, हे मला कुठल्याच गाइडमध्ये दिसलं नाही म्हणून ठळकपणे लिहितेय.

काकांनी टॅली उघडलं, कंपनी लोड झाली, कालच्या तारखेचं शेवटचं व्हाउचर काढून रक्कम कागदाशी ताडून बघितली, मग मान हलवली. "बरोबर आहे." दुपारपर्यंत सगळे पीसी नॅसवरून सर्व्हरवर आले.

१२ सप्टेंबर

तीन दिवस चाललंय, लॉगिनला उशीर होण्याची तक्रार पुन्हा आली नाही. साध्या युजरला १० मशीन जोडू देणारा कोटा मालकांना विचारून शून्य केला, आता जॉइन करायचं तर ॲडमिनने आधी अकाउंट बनवायचं. रॅकच्या दाराला बारीक जाळीचा फिल्टर लावायला सांगितलाय, दर महिन्याला धुवायचा, तेलकट धुळीने पहिला सर्व्हर खाल्लाय तसा हाही खाईल.

बाकी राहिलंय ते दुसरा डोमेन कंट्रोलर. सध्याचा सर्व्हर २०१६ आहे आणि त्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय, आणि तो एकटाच आहे, तो पडला तर ऑफिसात एकही लॉगिन धड होणार नाही. नव्या बिल्डिंगमध्ये दुसरा लावायचा प्रस्ताव मालकांना दिलाय, दिवाळीचा माल निघाला की करू म्हणाले. तोवर डोमेन कंट्रोलरचा सिस्टम स्टेट बॅकअप रोज रात्री नॅसवर जाईल असं लावून दिलंय, आणि तो खरंच परत उभा राहतो का ते येत्या रविवारी वेगळ्या व्हीएमवर, नेटवर्क तोडून, करून बघणार आहे.